जुन्या ब्रेल नोटटेकरसाठी वायफाय उघडं ठेवायचं का? आणि आणखी दोन प्रश्न

प्रश्न : नमस्कार सर, मी पूर्ण अंध आहे, सांगली जिल्ह्यात हायस्कूलला इतिहास शिकवते. माझ्याकडे २०११ ला घेतलेला ३२ सेलचा (म्हणजे एका ओळीत ३२ ब्रेल अक्षरं) ब्रेल नोटटेकर आहे, ब्रेलमधे लिहायचं-वाचायचं छोट्या संगणकासारखं यंत्र, विंडोज सीई ह्या जुन्या सिस्टीमवर चालणारं. टाचणं, हजेरी, मुलांचे मार्क सगळं त्यातच. मागच्या महिन्यात घरी नवीन राउटर आला तर मशीन जोडेचना, मग इंटरनेटवाल्या मुलाने वायफायचा पासवर्डच काढून टाकला. आता जोडतं, संस्थेचे मेल पण येतात. भाऊ म्हणतो हे धोक्याचं आहे. पण नवीन मशीन काही लाखांचं, कुठून आणू? आणि माझ्या मशीनमधे चोरण्यासारखं आहे तरी काय?

उत्तर : ताई, भाऊ बरोबर बोलतोय. आधी पासवर्ड परत घालून घ्या, आज संध्याकाळीच, आणि मग बाकीचं वाचा.

पासवर्ड नसलेल्या वायफायवर मशीन आणि राउटरमधलं सगळं उघड्यावर जातं. तुमच्या मोबाईलचं फार बिघडत नाही कारण आजकालची ॲप आणि वेबसाइट स्वतःच माहिती कुलूपबंद करून पाठवतात, पण तुमच्या नोटटेकरचं तसं नाही. मेलच्या सेटिंगमधे जाऊन बघा, पीओपी३ (मेल उतरवून घ्यायची पद्धत) च्या पुढे पोर्ट (जोडणीचा क्रमांक) ११० आहे आणि एसएसएल (माहिती कुलूपबंद करणारी सोय) बंद आहे असं बहुतेक सापडेल (संस्थेच्या डोमेनचे मेल अजून कित्येक ठिकाणी असेच चालतात, गूगलचा मेल असा आलाच नसता). तसं असेल तर मशीन जितक्यांदा मेल तपासतं तितक्यांदा तुमचं नाव आणि पासवर्ड साध्या अक्षरात हवेतून जातो, शेजारच्या फ्लॅटमधे लॅपटॉप घेऊन बसलेल्या कोणालाही तो वाचता येईल. चोरण्यासारखं काय म्हणता, तर तो मेलबॉक्स. मुलांचे मार्क, पगाराची स्लिप, शिवाय इतर अकाउंटचा पासवर्ड विसरलात की नवीन पासवर्डची लिंक जर ह्याच मेलवर येत असेल तर मग सगळ्या घराची किल्लीच ती.

आता मशीनमधे मुळात काय कमी आहे ते. विंडोज सीई ६.० आली २००६ मधे आणि मायक्रोसॉफ्टने तिचे सुरक्षा अपडेट एप्रिल २०१८ ला थांबवले. ब्रेलनोट एपेक्स, ब्रेल सेन्स यू२ ही त्या पिढीची नावाजलेली यंत्रं ह्याच पायावर उभी होती. पुढे अँड्रॉइड आलं तरी मागे राहण्याची गोष्ट तीच, ब्रेलनोट टच २०१६ ला बाजारात आलं ते २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ वर, ब्रेल सेन्स पोलारिस २०१७ ला आलं ते २०१४ च्या अँड्रॉइड ५ वर. गिऱ्हाईक मूठभर, यंत्र बनवायला वर्षं लागतात, तोपर्यंत खालची सिस्टीम जुनी होते, आणि आपण ते यंत्र दहा-बारा वर्षं वापरतो कारण परत एवढे पैसे उभे करणं शक्य नसतं. डोळस माणूस तीन वर्षांनी फोन बदलतो तेव्हा नकळत त्याची सुरक्षाही नवी होते, आपल्याला ती सोय नाही आणि ह्याचा मला मनापासून राग येतो.

तरी मशीन फेकू नका. बटण दाबलं की लगेच जिथे सोडलं त्या ओळीवर बोट, हे सुख फोनवर नाही मिळत. फक्त त्याचं आणि इंटरनेटचं नातं तोडा. वायरलेस कायमचं बंद, मेल फोनवर किंवा लॅपटॉपवर, फाइली मेमरी कार्डने इकडून तिकडे. टर्मिनल मोड (नोटटेकर लॅपटॉपचा ब्रेल पडदा बनतो तो) असेल तर युएसबीने लॅपटॉपला जोडा, मग लॅपटॉपमधला एनव्हीडीए हा स्क्रीन वाचणारा प्रोग्राम वाचेल आणि तुमच्या बोटाखाली तोच मेल ब्रेलमधे येईल. इंटरनेटशी बोलणार लॅपटॉप, ज्याला अपडेट मिळतात, आणि नोटटेकर राहील वही.

काही दिवस वायफाय लागणारच असेल तर राउटरवाल्याला सांगा की डब्ल्यूपीए३ (वायफायच्या कुलुपाची नवी पद्धत) एकटं ठेवू नको, डब्ल्यूपीए२ आणि ३ दोन्ही चालतील असं कर. बहुतेक तुमची अडचण एवढीच होती आणि त्याने पाच मिनिटांच्या कामाऐवजी दारच काढून टाकलं. तो वेप (त्याहून जुनं कुलूप) लावू का विचारेल, तर नको म्हणा, वेप २००१ पासून फुटलेलं आहे. आणि मशीनसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं पासवर्ड घालून करून घ्या, म्हणजे त्याच्यावाटे कोणी शिरलं तरी घरातल्या बाकीच्या फोन-लॅपटॉपपर्यंत पोचायला अवघड. डब्ल्यूपीए२ मधली क्रॅक नावाची त्रुटी ऑक्टोबर २०१७ मधे जाहीर झाली, फोन-लॅपटॉपना त्यावर दुरुस्ती मिळाली पण अपडेट बंद पडलेल्या यंत्रांना कोण देणार, म्हणून मेलमधे एसएसएल चालू आणि पोर्ट ९९५ हे करायचंच. जुन्या मशीनला आजचं एसएसएल झेपलं नाही, एरर आली, तर समजा की ह्या मशीनवर मेल बघायचे दिवस संपले. मेलचा पासवर्ड पण बदला, नुसतं वायफाय बंद करून भागणार नाही कारण महिनाभर तो उघडा फिरलाय.

आणखी एक. बॅटरी पूर्ण उतरली की जुन्या मशीनची तारीख मागे जाऊ शकते, मग प्रत्येक वेबसाइटचं प्रमाणपत्र (साइट खरी असल्याचा दाखला) चुकीचं असल्याची वॉर्निंग येते. ३२ सेलमधे त्या वॉर्निंगचे पहिले चारपाच शब्द मावतात, पुढचं वाचायला सरकवायचं बटण सतत दाबावं लागतं. मी वर्षभर पहिला तुकडा वाचून ओके दाबत होतो, मशीन रोज तेच सांगतंय म्हणून. खरीच कोणीतरी मधे बसून खोटी साइट दाखवली असती तरी वॉर्निंगचे पहिले शब्द तेच असते, माझं बोट तसंच ओकेवर गेलं असतं. तारीख आधी तपासत जा.

प्रश्न : मी नागपूरचा, बीएच्या दुसऱ्या वर्षाला, टॉकबॅक (फोनमधली स्क्रीन वाचून दाखवणारी सोय) वापरतो. वीज आज रात्री कापणार असा मेसेज आला, फोन केला तर त्यांनी एक ॲप पाठवलं आणि ॲक्सेसिबिलिटीमधे जाऊन चालू करा म्हणाले. मला संशय आला म्हणून नाही केलं. पण टॉकबॅक पण तिथूनच चालू होतो ना?

उत्तर : शाब्बास, थांबलास ते फार चांगलं केलंस. डोळस माणसाला ॲक्सेसिबिलिटी हे सेटिंगमधलं अनोळखी पान, त्यामुळे तो निदान बिचकतो. आपल्यासाठी ते रोजचं अंगण, तिथे काही चालू करायला सांगितलं तर त्यात वावगं वाटतच नाही. ती परवानगी म्हणजे काय ते टॉकबॅकवरूनच कळतं, तो स्क्रीनवरचं सगळं वाचतो आणि तुझ्या बोटाऐवजी बटण दाबू शकतो. चोराच्या ॲपला तेच दिलं की ते ओटीपी वाचणार आणि बँकेच्या ॲपमधे स्वतः बटणं दाबणार. अँड्रॉइड १३ पासून प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकलेल्या ॲपला ही परवानगी सहज मिळत नाही, म्हणून पलीकडचा माणूस ती अडवणूक कशी उठवायची तेही गोड बोलून एकेक पायरी सांगतो. कोणी सेटिंगच्या पायऱ्या फोनवर सांगायला लागला की फोन ठेवायचा. आणि महिन्यातून एकदा त्या पानावर चालू असलेल्या सेवांची यादी ऐकायची, ओळखीचं नसेल ते बंद. चुकून दिलीच कधी परवानगी तर फ्लाइट मोड टाक आणि दुसऱ्या कोणाच्या फोनवरून आधी बँक, मग १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

प्रश्न : ब्रेल डिस्प्लेसाठी (फोनवरचं ब्रेलमधे दाखवणारं यंत्र) माझ्या फोनचं ब्लूटूथ दिवसभर चालू असतं. चालेल ना? (वाचक, ठाणे)

उत्तर : फोनच्या अपडेटवर आहे. मार्क न्यूलिन या संशोधकाने २०२३ च्या शेवटी दाखवलं की अँड्रॉइडचं ब्लूटूथ नुसतं चालू असलं तरी जवळपासचा माणूस तुम्हाला न विचारता खोटा कीबोर्ड जोडून त्यावरून टाइप करू शकतो. अँड्रॉइड ११ ते १४ ला त्याची दुरुस्ती मिळाली, १० आणि त्याखालच्यांना नाही. सेटिंगमधे फोनच्या माहितीत सिक्युरिटी पॅचची तारीख ऐका, ५ डिसेंबर २०२३ किंवा नंतरची असेल तर खुशाल वापरा. आधीची असेल तर अपडेट येतंय का बघा, नसेल येत तर लोकलमधे, कॉलेजात, गर्दीत ब्लूटूथ बंद आणि घरी चालू.

नवीन डिस्प्ले घेणार असाल तर ऑर्बिट रीडर २० सारखा वायफायच नसलेला बघा, कार्ड, युएसबी, ब्लूटूथ एवढंच आहे त्यात आणि वाचायला तेवढं पुरतं. आणि नोटटेकरच हवा असेल तर पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून दोन गोष्टी लेखी घ्या, आत अँड्रॉइड कितवं आहे आणि सुरक्षा अपडेट कुठल्या सालापर्यंत मिळणार. तोंडी सांगतात त्याला काही अर्थ नाही, बिलावर लिहून मागा.