वाचकांचे प्रश्न: रिक्वेस्टमधलं काय कुणी लिहिलं?

प्रश्न (वरुड, जि. अमरावती): संत्रा बागायतदारांच्या नोंदणीसाठी फ्लास्कमध्ये (पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये) साइट केली. एकाच आयपीवरून दुसरी नोंद घ्यायची नाही, असा नियम ठेवला आहे. घरच्या वायफायवर प्रत्येक मोबाइलचा आयपी वेगळा दिसायचा. भाड्याच्या सर्व्हरवर चढवल्यापासून सगळ्यांचा १२७.०.०.१ येतो, त्यामुळे पहिल्या कास्तकारानंतर बाकी सगळे अडतात. काय चुकलं?

उत्तर: कोडमध्ये चूक नाही. रिक्वेस्टचा, म्हणजे ब्राउझरकडून आलेल्या मागणीचा, ‘रिमोट_ॲडर’ म्हणजे तुमच्या प्रोग्रामला जो थेट येऊन जोडला त्याचा पत्ता. घरी मोबाइल थेट जोडला जायचा. सर्व्हरवर दाराशी एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आहे आणि प्रोग्राम त्याच्या मागे गनिकॉर्नमध्ये, म्हणजे पायथनचे वेब प्रोग्राम चालवणाऱ्या सर्व्हरमध्ये, चालतो. मोबाइल एनजिनएक्सशी बोलतो आणि एनजिनएक्स त्याच यंत्रावरून आपली वेगळी जोडणी उघडून गनिकॉर्नशी बोलतो. म्हणून पत्ता त्या यंत्राचाच दिसतो.

दुरुस्ती दोन ठिकाणी करा. एनजिनएक्सच्या लोकेशन विभागात ‘प्रॉक्सी_सेट_हेडर’ वापरून एक्स-फॉरवर्डेड-फॉर हे हेडर (रिक्वेस्टसोबत जाणारी माहितीची ओळ) पुढे पाठवा आणि त्याची किंमत ‘प्रॉक्सी_ॲड_एक्स_फॉरवर्डेड_फॉर’ या व्हेरिएबलमधून द्या. त्याच जागी एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो आणि होस्टही पाठवा. मग फ्लास्कमध्ये वर्कझ्यूगचं (फ्लास्क ज्यावर उभा आहे त्या लायब्ररीचं) प्रॉक्सीफिक्स ‘डब्ल्यूएसजीआय_ॲप’भोवती गुंडाळा आणि एक्स_फॉर व एक्स_प्रोटो दोन्ही १ ठेवा. एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो पाठवायला विसरलात तर एचटीटीपीएस असूनही तुमच्या कोडने तयार केलेल्या पूर्ण लिंका एचटीटीपीच्या निघतील.

हा १ नीट समजून घ्या. तुमच्या विश्वासातले किती प्रॉक्सी, म्हणजे एनजिनएक्ससारखे मधले सर्व्हर, पुढे आहेत, ती ही संख्या. एक्स-फॉरवर्डेड-फॉरमध्ये पत्ते स्वल्पविरामाने जोडलेले असतात आणि एनजिनएक्स आपण पाहिलेला पत्ता शेवटी, म्हणजे उजवीकडे लिहितो. डावीकडचं पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेलं असू शकतं. कर्ल या कमांडने रिक्वेस्ट पाठवून कुणीही तिथे हवा तो पत्ता टाकेल. ‘पहिला पत्ता उचला’ असा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिला जातो, तो घेऊ नका. पुढे सीडीएन (साइटच्या पुढे बसणारं मधल्या सर्व्हरांचं जाळं) लावलं तर एक्स_फॉरची संख्या २ करा. गनिकॉर्नही १२७.०.०.१ च्या ८००० पोर्टवरच बांधून ठेवा. ते पोर्ट बाहेरून उघडं राहिलं तर एनजिनएक्सला वळसा घालून कुणीही खोटं हेडर आत पाठवेल.

आता नियमाबद्दल. पत्ता बरोबर दिसू लागला तरी ‘एक आयपी, एक नोंद’ काढून टाका. मोबाइल कंपन्या एकाच सार्वजनिक आयपीमागे असंख्य फोन बसवतात. गावातल्या सेवा केंद्रावरून दिवसभरात पन्नास जण येतील, सगळे एकाच नेटवरून. उलट एकच माणूस डेटा बंद-चालू करून नवा आयपी मिळवतो. म्हणजे खऱ्याला अडवायचं आणि खोट्याला वाट द्यायची, असं होतं. वावराची ओळख गाव, गट क्रमांक आणि मोबाइल क्रमांक यांनी होते. या तिघांवर मिळून डेटाबेसमध्ये युनिक बंधन (तीच नोंद दुसऱ्यांदा न घेण्याचं) घाला.

नेट मंद असताना बटण दोनदा दाबलं जातं, त्याचा उपाय वेगळा. फॉर्म दाखवताना यूयूआयडी४ ने (सहसा पुन्हा न येणारा यादृच्छिक क्रमांक) एक टोकन बनवून लपलेल्या रकान्यात ठेवा आणि टेबलात तो रकाना युनिक करा. तेच टोकन पुन्हा आलं तर चूक दाखवू नका, आधीचीच पावती दाखवा. पहिलं उत्तर वाटेत हरवलं असेल तर माणसाला नेमकी तीच हवी असते.

प्रश्न (चिमूर, जि. चंद्रपूर): नोंद झाली की एसएमएस जावा म्हणून वेगळा थ्रेड (त्याच प्रोग्राममध्ये बाजूला चालणारं काम) सुरू केला. त्यात ‘रिक्वेस्ट.फॉर्म’ वाचलं की ‘वर्किंग आउटसाइड ऑफ रिक्वेस्ट कॉन्टेक्स्ट’ अशी चूक येते. रिक्वेस्ट तर फाइलच्या वरच इम्पोर्ट केलेली आहे.

उत्तर: इम्पोर्ट केलेली ती रिक्वेस्ट खरी नसते, ती प्रॉक्सी असते, म्हणजे खऱ्या रिक्वेस्टच्या जागी उभी असलेली वस्तू (वरचा सर्व्हरवाला प्रॉक्सी नव्हे). तिला हात लावला की ती चालू कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे फ्लास्क सध्याच्या कामाची माहिती ठेवतो त्या जागी, सध्याची रिक्वेस्ट शोधते. म्हणूनच एकाच वेळी दोघांचे फॉर्म आले तरी एकाचा मोबाइल क्रमांक दुसऱ्याच्या नोंदीत जात नाही. नव्या थ्रेडचा कॉन्टेक्स्ट रिकामा असतो, तिथे शोधायला काहीच नाही. फाइलच्या वरच्या पातळीवर, फंक्शनच्या बाहेर रिक्वेस्ट वाचली तरी हीच चूक येते.

व्ह्यू फंक्शनमध्येच मोबाइल आणि नाव साध्या स्ट्रिंगमध्ये काढा आणि थ्रेडला त्या स्ट्रिंगच द्या. रिक्वेस्ट देऊन उपयोग नाही, कारण ती प्रॉक्सीच जाते. ‘कॉपी_करंट_रिक्वेस्ट_कॉन्टेक्स्ट’ने चूक जाते खरी, पण एका क्रमांकासाठी अख्खी रिक्वेस्ट मागे ओढायचं कारण नाही. थ्रेडमध्ये सेटिंग्ज लागत असतील तर ॲप_कॉन्टेक्स्ट उघडा. फंक्शन तपासायचं असेल तेव्हा ‘टेस्ट_रिक्वेस्ट_कॉन्टेक्स्ट’ला पत्ता, पद्धत आणि फॉर्मचा डेटा द्या, ब्राउझर लागत नाही.

शक्य असेल तर थ्रेडच टाळा. गनिकॉर्न पुन्हा सुरू झालं की थ्रेड मरतो आणि एसएमएस जातच नाही. टेबलात ‘पाठवायचा’ अशी ओळ लिहा आणि क्रॉनने (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीने) दर मिनिटाला तशा ओळी उचला. वीज गेली, नेट गेलं, तरी ओळ जागेवर राहते.

प्रश्न (आर्वी, जि. वर्धा): पीएचपीत पीक नुकसानीचा फॉर्म आहे. फोटो जोडला की कधीकधी पोस्टमधले सगळे रकाने रिकामे येतात, नावसुद्धा. चूक काहीच दिसत नाही.

उत्तर: रिक्वेस्ट ‘पोस्ट_मॅक्स_साइझ’पेक्षा मोठी झाली. मूळ सेटिंग ८ एमबी असते. ती ओलांडली की पीएचपी पोस्ट आणि फाइल्स दोन्ही रिकामे ठेवतं आणि इशारा फक्त लॉगमध्ये जातो. ‘अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ’ची २ एमबीची मर्यादा वेगळी: ती ओलांडली तर रकाने येतात, फक्त फाइलच्या एररमध्ये १ दिसतो. एनजिनएक्स पुढे असेल तर त्याची मूळ मर्यादा १ एमबी, आणि तो ४१३ (‘रिक्वेस्ट फार मोठी’ हा चुकीचा कोड) देऊन दारातच परत पाठवतो. एनजिनएक्स १२, पोस्ट १२ आणि अपलोड १० असं ठेवा. पोस्ट रिकामं असून सर्व्हरमधला ‘कॉन्टेंट_लेंथ’ शून्यापेक्षा जास्त असेल, तर ‘फोटो मोठा आहे’ असं मराठीत सांगा. मात्र रकाने जेसनने (माहिती मजकूर म्हणून पाठवण्याचा एक प्रकार) पाठवत असाल तर पोस्ट तसंही रिकामंच येतं. तेव्हा ‘पीएचपी इनपुट’ हा प्रवाह वाचावा लागतो.

खरा उपाय फोनवरच आहे: ब्राउझरच्या कॅनव्हासवर लांब बाजू १६०० पिक्सेल करून जेपेगची गुणवत्ता ०.७ ठेवून पाठवा. वावरातल्या नेटवर तोच फोटो पोचतो.

प्रश्न (काटोल, जि. नागपूर): काही जण क्षेत्र मराठी अंकांत भरतात. ते चालेल का?

उत्तर: पायथनचे इंट आणि फ्लोट देवनागरी अंक नीट वाचतात. पीएचपीत इंटमध्ये बदललं की ‘१२’चा शून्य होतो, म्हणून आधी अंक बदलून घ्या. फ्लास्कमध्ये ‘आर्ग्ज.गेट’ला टाइप इंट दिला आणि कुणी २.५ भरलं, तर चूक येत नाही, गुपचूप नन, म्हणजे पायथनचं ‘काहीच नाही’, मिळतं. क्षेत्रासाठी फ्लोट द्या आणि नन आलं तर फॉर्म परत दाखवा. लिंकमधून मोबाइल पाठवताना +९१ मधल्या अधिक चिन्हाची मोकळी जागा होते. लिंक हाताने जोडू नका, यूआरएलएनकोडने बनवा. ‘काटोल’ची त्यात ४५ अक्षरांची टक्केवाली रांग होईल, होऊ द्या. रिक्वेस्ट ती स्वतः उलगडते; तुम्ही पुन्हा उलगडलीत तर ज्या नोंदीत खरंच टक्क्याचं चिन्ह आहे ती बिघडेल.