वाचकांचे प्रश्न : ज्यू लग्नातले गाणे नेमके कोणाचे?

प्रश्न : ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये माझ्या सहकाऱ्याचे बेने इस्राएल पद्धतीचे लग्न होते. तिथे नवरदेव स्वतः उभा राहून गात होता आणि साथीला एकही वाद्य नव्हते. त्याच संध्याकाळी हॉलमध्ये मात्र डीजेने कोळीगीतांपासून हिंदी सिनेमांतल्या गाण्यांपर्यंत सारे काही वाजवले आणि मध्येच ‘हवा नगिला’ लावून नवरा-नवरीला खुर्च्यांसकट उचलण्यात आले. यांतले खरे ज्यू लग्नसंगीत कोणते समजावे? — एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण बहुधा ज्याला सर्वांत अस्सल मानले असेल, ते ‘हवा नगिला’च कोकणच्या मराठीभाषक ज्यूंच्या, म्हणजे बेने इस्राएलांच्या, दृष्टीने सर्वांत उशिरा आलेले पाहुणे आहे. त्याची मूळ चाल पूर्व युरोपातल्या सादिगुरा या गावच्या हसीदी या भक्तिमार्गी ज्यू पंथाच्या लोकांची. ती शब्दांवाचून गुणगुणली जात असे. जेरुसलेममध्ये स्थायिक झालेले संगीतसंशोधक अब्राहम इडेलसन यांनी १९१५ मध्ये ती लिहून घेतली आणि १९१८ मध्ये तिथल्या एका मैफलीत नव्या बांधणीत सादर केली. ‘चला, आनंद करू या’ एवढाच अर्थ असलेले हे गाणे आज जगभर ज्यू लग्नाची खूण होऊन बसले असले, तरी त्याचे वय जेमतेम शंभर वर्षांचे आहे, आणि त्यावर फेर धरून नाचला जाणारा ‘होरा’ तर रुमानियाकडून आलेला आहे.

नवरदेवाने गायलेले गाणे याहून वेगळे आहे. ‘योनाती झिव’ या शब्दांनी सुरू होणारे ते हिब्रू स्तोत्र बेने इस्राएल समाजात वधू प्रवेश करते त्या वेळी वर गातो. ‘योनाती’ म्हणजे ‘माझे कबुतर’. मी पाहिलेल्या एका लग्नात वराने हे स्तोत्र देवनागरीत उतरवलेला कागद हातात धरला होता, आणि पहिल्या दोन ओळींत त्याचा सूर इतका खाली गेला की पुढच्या बाकांवरच्या मावश्यांनी तो अलगद वर उचलून धरला. वधू मधल्या वाटेने चार पावले पुढे आली, तोवर सबंध प्रार्थनालय गात होते. तिथे गळा चांगला असण्याला महत्त्व नव्हते, गाणे वराच्या तोंडून निघण्याला होते. व्यावसायिक गायक बोलावून हा प्रसंग ‘उठावदार’ करण्याची हौस कोणाला सुचली, तर मी तरी ती मोडून काढीन.

विधीचा गाभा असा शब्दांचा आणि मानवी आवाजाचाच आहे. लग्नात म्हटल्या जाणाऱ्या सात आशीर्वादांपैकी शेवटच्यात यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातली शब्दावली येते : आनंदाचा आवाज, हर्षाचा आवाज, वराचा आवाज आणि वधूचा आवाज. हे शब्द कुठल्याही देशातल्या ज्यू लग्नात बदलत नाहीत. चाल मात्र बगदादची निराळी, पोलंडची निराळी. अमेरिकेत श्लोमो कार्लबाख यांनी याच शब्दांना दिलेली चाल हल्ली सर्वत्र ऐकू येते आणि ऐकणाऱ्याला ती फार जुनी वाटते.

वाद्यांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. इसवी सन ७० मध्ये जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्यावर धर्मपंडितांनी शोक म्हणून वाद्यसंगीतावर बंधने घातली, परंतु वधूवरांना आनंदित करणे हे धार्मिक कर्तव्य असल्यामुळे लग्नाला त्यांतून वगळले. वधूपुढे कसे नाचावे, यावर तालमुद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथात रीतसर चर्चा आहे, आणि रब्बी (धर्मगुरू) येहूदा बार इलाई हातात मर्टल नावाच्या एका सुगंधी झुडपाची डहाळी घेऊन वधूपुढे नाचत, अशी आठवणही तिथे नोंदवलेली आहे. शोक मात्र पुरता पुसला गेलेला नाही : लग्नात काचेचा पेला फोडतात तो त्याचसाठी, आणि त्याच्याच आगेमागे जेरुसलेमला न विसरण्याची शपथ असलेल्या १३७व्या स्तोत्राच्या ओळी गातात. जेरुसलेममधल्या काही जुन्या वळणाच्या अश्केनाझी, म्हणजे मूळ युरोपीय ज्यू, घराण्यांत तर आजही लग्नात एका ढोलाखेरीज दुसरे वाद्य वाजत नाही. १९व्या शतकातल्या साथीच्या काळात तिथल्या रब्बींनी घातलेला तो निर्बंध आहे.

इतरत्र लग्नाला जे वाजले, ते त्या त्या मुलखाचे वाजले. पूर्व युरोपात ‘क्लेझमर’ म्हणवणाऱ्या वादकांचे ताफे असत. व्हायोलिन, आपल्या संतूरचे भावंड शोभेल असे ‘त्सिंबल’ आणि पुढे क्लॅरिनेट ही त्यांची वाद्ये, आणि चाली रुमानियन, युक्रेनियन, तुर्की अशा आजूबाजूच्याच. त्यांच्यासोबत ‘बदखन’ हा शीघ्रकवी असे, आणि आयुष्याच्या गंभीर वळणाची जाणीव देऊन वधूला रडवणे हे त्याचे एक ठरलेले काम असे. (आपल्याकडे त्यासाठी माणूस नेमावा लागत नाही, पाठवणीच पुरते.) बगदादच्या ज्यूंकडे डफ-ढोलक्या घेऊन गाणाऱ्या स्त्रियांचे ताफे येत, तर येमेनच्या ज्यू स्त्रिया तांब्याच्या ताटावर ताल धरीत.

मग कोकणात तेलाचे घाणे चालवून शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या, आणि म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवल्या गेलेल्या समाजाच्या मेंदीच्या रात्री मराठी गाणी नसती, तरच नवल होते. बायबलमधल्या आख्यानांवर मराठी कीर्तने करण्याची परंपरा या समाजाने १८८०च्या सुमारास सुरू केली. मेंदीच्या किंवा मलिदा या नैवेद्याच्या बैठकीत पोहे, खोबरे, साखर आणि फळांच्या ताटापुढे एलियाहू संदेष्ट्याचे हिब्रू स्तोत्र म्हणायचे आणि ते संपताच मराठीकडे वळायचे, यात कोणालाही काही विसंगत वाटत नाही. तेव्हा आपण ऐकलेले कोळीगीत त्या लग्नात उसने आलेले नव्हते. ‘हवा नगिला’ होते. वाजवायला माझी हरकत नाही, फक्त कोण घरचे आणि कोण पाहुणे, हे ठाऊक असावे.

इस्राएलमध्ये गेलेल्या बेने इस्राएलांकडे हे अधिक स्पष्ट दिसते. तिथे ज्यूंचे अधिकृत लग्न मुख्य रब्बिनेट या अधिकृत धर्मपीठाच्या चौकटीतच लागते आणि स्वागतसमारंभ इतर इस्राएलींसारखाच डीजेच्या ताब्यात असतो; त्यामुळे दिमोना किंवा अश्दोदसारख्या गावांत समाजाचे वेगळेपण मेंदीच्या रात्रीत एकवटले आहे, जिथे साड्या आणि हिरवे चुडे बाहेर निघतात आणि हिब्रू बोलणारी नातवंडेही हिंदी गाण्यांवर ठेका धरतात.

प्रश्न : न्यू जर्सीत शेजाऱ्यांच्या लग्नात स्त्रिया आणि पुरुष पडद्याच्या दोन बाजूंना नाचत होते आणि गाणारे सगळे पुरुषच होते. शिवाय वधूच्या प्रवेशाला नेहमीची पाश्चात्त्य धून वाजवायची नाही, असे बँडला बजावून सांगितले होते. असे का? — एक वाचक, एडिसन

उत्तर : शेजारी सनातनी पंथाचे असावेत. त्या पंथात परपुरुषांनी स्त्रीचे गाणे ऐकू नये असा संकेत आहे आणि नाचही वेगवेगळा होतो. उदारमतवादी पंथ यांतले काही पाळत नाहीत. धुनेचे कारण निराळे आहे. ती जर्मन संगीतकार रिशार्द वाग्नर यांच्या ‘लोएनग्रिन’ या ऑपेरातली असून त्या ऑपेराचा पहिला प्रयोग १८५० मध्ये झाला, आणि त्याच वर्षी वाग्नर यांनी संगीतातल्या ज्यूंवर विखारी निबंध प्रसिद्ध केला. दुसरी लोकप्रिय धून मेंडेल्सन यांची. ते थोर ज्यू तत्त्वज्ञाचे नातू, पण लहानपणी बाप्तिस्मा झालेले, म्हणून पुष्कळ रब्बी तीही टाळतात. त्यांच्या जागी ‘माझा प्रियकर माझा आणि मी त्याची’ या बायबलमधल्या गीतरत्न या ग्रंथातल्या ओळीवरचे ‘दोदी ली’ हे हिब्रू गीत बहुधा वाजते.

प्रश्न : मैत्रिणीच्या मुलीचे लग्न मे महिन्यात घ्यावे, असे आम्ही सुचवले, तिने नकार दिला. त्यांच्यातही मुहूर्त असतात का? — एक वाचक, पुणे

उत्तर : शुभ मुहूर्त नव्हेत, वर्ज्य दिवस असतात. वल्हांडण (पासओव्हर) सणापासून शावुओत सणापर्यंतच्या ४९ दिवसांपैकी बराच काळ, तसेच उन्हाळ्यात मंदिराच्या विध्वंसाच्या स्मरणदिनापूर्वीचे तीन आठवडे लग्न आणि वाजंत्री टाळतात. ४९ दिवसांतला ३३वा मात्र मोकळा असतो. नेमके कोणते दिवस धरायचे, यात समाजासमाजात फरक आहेत. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, लग्न होतच नाही. चांद्र पंचांगामुळे हे दिवस इंग्रजी तारखांनुसार दरवर्षी सरकतात, म्हणून हॉलला आणि बँडवाल्याला विसार देण्यापूर्वी मैत्रिणीला तिच्या सिनेगॉगच्या हज्जानांकडून (प्रार्थना चालवणाऱ्यांकडून) तारीख तपासून घेऊ द्यावी.