पाळीसाठी गोळी लिहून दिलीय, पण कोणती घ्यायची?

या वेळी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातून आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : पीसीओडीमुळे, म्हणजे अंडाशयातून बीज वेळच्या वेळी बाहेर न पडण्याच्या त्रासामुळे, बिघडलेली पाळी आणि ती ताळ्यावर आणायला दिलेल्या गर्भनिरोधक गोळ्या. (डॉक्टर पीसीओएस म्हणोत की पीसीओडी, तुमच्यासाठी दोन्ही एकच समजा.)

प्रश्न : वय २३, लग्न झालेलं नाही. अडीच-तीन महिन्यांनी पाळी येते आणि आली की दहा-दहा दिवस थांबत नाही. हनुवटीवर राठ केस यायला लागलेत. सोनोग्राफीत गाठी दिसल्या म्हणून डॉक्टरांनी गर्भनिरोधक गोळ्या दिल्या. आई म्हणते, लग्नाआधी असल्या गोळ्या घेतल्या की पुढे मूल होत नाही. चिठ्ठी महिनाभर पर्समध्ये पडून आहे. गोळी घेऊ का? आणि कोणती चांगली? – खानापूर तालुका

आईची धास्ती गोळीच्या नावामुळे आहे, आणि ती समजण्यासारखी आहे. पण गोळीमुळे पुढे वंध्यत्व येत नाही. ती बंद केली की तिचा परिणाम संपतो. त्यानंतर पाळी पुन्हा लांबली, तर तो मूळचाच त्रास परत आलेला असतो आणि दोष मात्र गोळीच्या माथी बसतो. मूल हवं असेल तेव्हा बीज तयार होऊन बाहेर पडावं म्हणून लेट्रोझोलसारखी वेगळी औषधं आहेत.

तुमच्या शरीरात काय चाललंय ते पाहू. एरवी दर महिन्याला अंडाशयातून एक बीज बाहेर पडतं आणि त्याच्या मागे उरलेल्या भागातून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होतं. तुमच्याकडे बीज अर्धवट वाढून थांबतं. सोनोग्राफीतल्या ‘गाठी’ म्हणजे हीच थांबलेली बीजं. त्या काढायच्या नसतात. बीज बाहेर पडत नाही म्हणून गर्भाशयाचं अस्तर आवरणारं प्रोजेस्टेरॉन नाही, ते वाढवणारं संप्रेरक इस्ट्रोजेन मात्र चालूच. त्यामुळे अस्तर थरावर थर वाढत राहतं आणि कधीतरी एकदम ढासळतं. पाळी उशिरा येऊन दहा दिवस चालते ती यामुळे. वर्षानुवर्षं असंच चाललं तर अस्तराची वाढ बिघडते, पुढे कर्करोगाचाही धोका वाढतो. म्हणून ९० दिवसांच्या वर पाळीविना जाऊ द्यायचं नाही. ‘पाळी नाही तर कटकट नाही’ असं म्हणून वर्ष काढणाऱ्या मुलींची आम्हाला खरी काळजी वाटते.

गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखं संप्रेरक दोन्ही असतात. अस्तर पातळ राहतं आणि २१ गोळ्यांनंतर सात दिवसांच्या खंडात थोडं रक्त जातं. ही नैसर्गिक पाळी नव्हे, गोळी थांबवल्याचा तो परिणाम. तरी अस्तराचं रक्षण होतं, आणि तेच तर हवं आहे. शिवाय रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) कमी होतं, त्यामुळे मुरुमं आणि राठ केस आटोक्यात येतात. मुरुमांना तीन-चार महिने लागतात, केसांना सहा महिने तरी. आलेले केस गोळीने गळून पडत नाहीत, नवे बारीक येतात. तोवर थ्रेडिंग खुशाल करा. त्याने केस जाड होत नाहीत.

आता कोणती? पाकिटावरच्या नावाऐवजी मागे बारीक अक्षरांत छापलेली मात्रा वाचा. एथिनिल इस्ट्रॅडिओल, म्हणजे गोळीतलं इस्ट्रोजेन, २० किंवा ३० मायक्रोग्रॅम (पाकिटावर ०.०२ किंवा ०.०३ मिलिग्रॅम) पीसीओडीला पुरेसं असतं. त्याच्या जोडीला प्रोजेस्टेरॉनसारखं संप्रेरक म्हणून लेव्होनॉरजेस्ट्रेल, डेसोजेस्ट्रेल किंवा ड्रोस्पिरेनोन असतं. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पीसीओडीसाठी यातली कुठलीही एक गोळी दुसरीपेक्षा सरस ठरलेली नाही. मग निवड दोन गोष्टींवर येते : रक्ताच्या गुठळीचा धोका आणि किंमत. गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायकांपैकी वर्षाला साधारण दोघींना शिरेत गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या गोळीवर पाच ते सात जणींना, ड्रोस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेलच्या गोळीवर नऊ ते बारा जणींना. (गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा धोका याहून जास्त असतो.) म्हणून सुरुवात लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ आणि एथिनिल इस्ट्रॅडिओल ०.०३ मिलिग्रॅमच्या गोळीने करावी, असं आमचं मत. सरकारी ‘माला-एन’मध्ये नेमकं हेच आहे आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. फुकटची म्हणून ती हलकी समजू नका.

सायप्रोटेरोन २ मिलिग्रॅम आणि एथिनिल इस्ट्रॅडिओल ३५ मायक्रोग्रॅमची गोळी आपल्याकडे पीसीओडी म्हटलं की सर्रास लिहिली जाते. केसांवर ती चालते, पण गुठळीचा धोका लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या दीड-दोन पट. मुरुमं किंवा केस फारच असतील आणि बाकी उपाय लागू पडले नाहीत, तरच ती. तुमच्या चिठ्ठीत हीच असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, ‘आधी साधी गोळी देऊन बघता येईल का?’

सुरू करण्यापूर्वी रक्तदाब, वजन, थायरॉइड म्हणजे टीएसएच, प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं संप्रेरक), आणि साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त. नुसती उपाशीपोटीची साखर पीसीओडीत बऱ्याचदा फसवते. टेस्टोस्टेरॉन बघायचं असेल तर तेही आधीच. गोळी चालू असताना आकडा खोटा कमी येतो आणि मग तीन महिने गोळी बंद ठेवून पुन्हा रक्त द्यावं लागतं. तपासणीला तालुक्याच्या किंवा बेळगावच्या सरकारी दवाखान्यात जायचं तर कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत साध्या सरकारी बसला बायकांना तिकिटाचे पैसे लागत नाहीत, आधार कार्ड जवळ असू द्या.

रोज गोळी नकोच वाटत असेल तर दुसरी वाट आहे : मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन १० मिलिग्रॅम रोज एक, १० ते १४ दिवस, दर दोन-तीन महिन्यांनी. थांबवल्यावर बहुधा आठवड्यात रक्तस्राव होतो. अस्तराला हे पुरतं. पण केस-मुरुमांवर याचा उपयोग नाही आणि याने गर्भही टळत नाही.

प्रश्न : वय ३७, घरी विड्या वळते. पाळी चार-चार महिने येत नाही. शेजारणीला पीसीओडीच्या गोळीने फरक पडला म्हणून तेच पाकीट मेडिकलमधून आणून दोन महिने घेतलं. मिश्री लावते. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे वेडीवाकडी चमक येते, ती पूर्वीही यायची. चालू ठेवू का? – निपाणी

नाही. आजची गोळी घेऊ नका. लग्न झालेलं असेल तर आजपासून निरोध वापरा, कारण पाळी येत नाही याचा अर्थ दिवस जात नाहीत असा नव्हे.

कारण ती चमक. डोकेदुखीआधी डोळ्यांपुढे नागमोडी उजेड येणं ही एका प्रकारच्या मायग्रेनची खूण आहे, आणि त्यात इस्ट्रोजेनची कुठलीही गोळी, २० मायक्रोग्रॅमचीसुद्धा, पक्षाघाताचा धोका वाढवते. शेजारणीला सोसलेली गोळी तुम्हाला घातक ठरू शकते ती अशी. पस्तिशी ओलांडलेली आणि विडी-सिगारेट ओढणारी बाई असेल तरी हीच मनाई. मिश्री ओढण्यात मोडत नाही, पण तिच्यातलं निकोटिन रक्तदाब चढवतं, तेव्हा डॉक्टरांना ती न लाजता सांगा. रक्तदाब मोजताना आधी पाच मिनिटं स्वस्थ बसा, पाय जमिनीला टेकलेले, हात टेबलावर छातीच्या उंचीला. बसमधून उतरून धापा टाकत मोजलेला आकडा धरू नका. नीट मोजूनही १४०/९० किंवा वर आला तर इस्ट्रोजेनची गोळी बाद. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल, यकृताचा आजार असेल, तरीही बादच. क्षयावरचं रिफाम्पिसिन किंवा फिट्सवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन चालू असेल तर गोळी निकामी होते.

तुमच्यासाठी आधी लघवीची गरोदरपणाची चाचणी, अस्तराची जाडी बघायला सोनोग्राफी, आणि मग नुसत्या प्रोजेस्टेरॉनच्या गटातलं औषध किंवा लेव्होनॉरजेस्ट्रेल सोडणारी तांबी. ही तांबी अस्तर आतूनच पातळ ठेवते आणि गर्भही टाळते.

एका पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक दम लागणं, छातीत कळ, बोलताना जीभ अडखळणं, एका डोळ्याने न दिसणं यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा आणि कोणती गोळी घेत होतात ते पाकीट दाखवा.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. पीसीओडी असलेल्या एका बाईने ‘छाया’ मागितली, आठवड्याला एकच गोळी म्हणून. द्यावी का? – चिकोडी तालुका

देऊ नका. छायात सेंटक्रोमॅन आहे, इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा, अशी ती गर्भ टाळायला चांगली आहे. पण ती पाळी नियमित करत नाही, काहींची उलट लांबवते, आणि पीसीओडी हे ती टाळण्याच्या कारणांत मोडतं. आधीच तीन महिने पाळी न येणाऱ्या बाईला ती दिली तर दिवस गेलेत की औषधाने लांबली, हेही कळत नाही. माला-एनसाठी तिला डॉक्टरांकडे पाठवा.

प्रश्न : माला-एन चालू आहे. मध्ये दोन दिवस खाडा झाला. शिवाय गणपतीत पाळी नको आहे, तर लांबवायची वेगळी गोळी घेऊ का? – शहापूर, बेळगाव

एक गोळी चुकली तर आठवल्याबरोबर घ्या, त्या दिवशी दोन झाल्या तरी हरकत नाही. दोन किंवा जास्त चुकल्या तर शेवटची चुकलेली तेवढी घ्या, बाकीच्या सोडा, पुढच्या नेहमीच्या वेळी चालू ठेवा आणि सात दिवस निरोध वापरा. खाडा पहिल्या सात गोळ्यांतच असेल आणि त्या दिवसांत संबंध आला असेल तर तातडीच्या गोळीबद्दल लगेच विचारा. तिसऱ्या आठवड्यात असेल तर त्या ओळीतल्या गोळ्या संपवून थेट नवं पाकीट. २१ पांढऱ्या गोळ्यांपुढच्या सात वेगळ्या रंगाच्या गोळ्या लोहाच्या आहेत, त्या चुकल्या तर काही बिघडत नाही. गोळी घेतल्यापासून तीन तासांत उलटी झाली तर दुसरी घ्या. मळमळत असेल तर रात्रीच्या जेवणानंतर घ्या.

गणपतीसाठी वेगळी गोळी नको. २१ वी पांढरी संपली की लोहाच्या सात सोडून दुसऱ्या दिवशी नव्या पाकिटातली पहिली पांढरी घ्या. विसर्जन होईपर्यंत रक्त जाणार नाही. थेंबभर डाग पडला तर घाबरू नका. नवं पाकीट मात्र पूर्ण करा. पहिल्या तीन महिन्यांत मधेच डाग पडतात म्हणून गोळी बदलत किंवा सोडत राहू नका. महिनाभर बंद ठेवून पुन्हा सुरू केली की गुठळीचा सुरुवातीचा वाढीव धोका नव्याने सुरू होतो, म्हणून घ्यायची तर सलग घ्या. तीन महिन्यांनी रक्तदाब पुन्हा तपासा.

प्रश्न : मुलगी १४ वर्षांची, पाळी येऊन दोन वर्षं झाली. चाळीस-बेचाळीस दिवसांनी येते. सोनोग्राफीत पीसीओडी सांगितलं. गोळी सुरू करू का? – खानापूर

घाई नको. पहिल्या तीन वर्षांत ४५ दिवसांपर्यंतचं अंतर चालतं. पाळी सुरू होऊन आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून पीसीओडी ठरवायचंच नसतं, कारण या वयात निरोगी अंडाशयातही बरीच बीजं दिसतात. एका वहीत पाळीची तारीख लिहायला शिकवा. अंतर ४५ च्या वर जाऊ लागलं, एकदाही ९० दिवस उलटले, किंवा अंगावर राठ केस आणि मानेमागे काळपट जाड कातडी दिसू लागली, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा.