वेग मोज

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

ब्लॉटचा, म्हणजे प्रथिनांच्या पट्ट्या दाखवणाऱ्या चाचणीचा, फोटो पाहिला. म्हाताऱ्या उंदराच्या यकृतात एलसी३-टू या प्रथिनाची पट्टी ठळक, तरुणाच्यात फिकी. ऑटोफॅजी म्हणजे पेशीने आपल्या आतला कचरा स्वतःच पचवणं. गाईड म्हणतात, ‘वयानुसार ऑटोफॅजी वाढते’ असं पोस्टरवर टाक आणि मोकळी हो. तू वाचलेले पेपर म्हणतात, मंदावते. खरं कोणाचं, असं तू विचारतेस. या एका पट्टीवरून दोन्हीपैकी काहीच म्हणता येत नाही. ते तुला आतून कळलंय, म्हणून तर रात्री दीड वाजता मेसेज केलास.

एलसी३-टू ऑटोफॅगोसोमच्या, म्हणजे कचरा भरून नेणाऱ्या पिशवीच्या, पडद्याला चिकटतं आणि शेवटी लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचनकोठीत, जाऊन स्वतःही पचतं. ते साठलेलं दिसलं, तर पिशव्या जास्त बनत असतील, नाहीतर बनलेल्या पिशव्या पचतच नसतील. तू रोज कासारवडवलीहून येतेस. संध्याकाळी घोडबंदर रस्त्यावर गायमुखला फोटो काढलास आणि त्यात गाड्याच गाड्या दिसल्या, तर आज वाहतूक जोरात चालली आहे म्हणशील? वेग मोज. साठ्यावरून वेग कळत नाही.

हा काही पोस्टरपुरता काथ्याकूट नाही. अल्झायमर झालेल्या मेंदूत चेतापेशींचे तंतू जागोजागी फुगतात, आणि त्या फुगवट्यांत अशा अर्धवट पचलेल्या पिशव्या खच्चून भरलेल्या असतात. गर्दी बघून कोणीही म्हणेल, पेशी जोमाने सफाई करतेय. पुढच्या कामातून दिसलं की लायसोसोममधलं पचनच तुंबलंय. पहिला अर्थ धरला तर सफाईला लगाम घालणारं औषध शोधशील, दुसरा धरला तर तुंबलेलं मोकळं करणारं. रुग्ण तोच. म्हणून वेग मोज.

ओसुमींना ऑटोफॅजीच्या कामासाठी २०१६ चं नोबेल मिळालं, त्यांचा १९९२ चा यीस्टचा पेपर पुन्हा काढ. व्हॅक्युओलमधली (यीस्टचा लायसोसोमच तो) प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स ज्यांच्यात नाहीत, असं यीस्ट त्यांनी उपाशी ठेवलं. पचन बंद, त्यामुळे आत आलेलं सगळं तसंच साठत गेलं आणि साध्या मायक्रोस्कोपखाली नाचताना दिसलं. बाहेरची वाट अडवायची आणि ठरलेल्या वेळात किती तुंबतं ते बघायचं. तुझ्या ब्लॉटमध्ये नेमकं हेच राहिलंय.

आणि ‘वयानुसार’ हा शब्द एवढा सैल वापरू नकोस, बाई! कोणता मार्ग, कोणता अवयव? यकृतात एकेक प्रथिन वेचून लायसोसोममध्ये ओढणारा जो मार्ग आहे, त्याचं दार म्हणजे लॅम्प-टू-ए हे प्रथिन. ते वयाबरोबर घटतं. २००८ मध्ये उंदरांत ते म्हातारपणीही टिकवून दाखवलं, तेव्हा यकृताचं काम सुधारलं. प्रोटिअसोमची, म्हणजे लायसोसोमबाहेर प्रथिनं तोडणाऱ्या यंत्राची, गोष्ट आणखी निराळी. मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी अँटिबॉडी इतक्या उपसतात की प्रोटिअसोम अडवला की त्या मरतात. प्रोटिअसोम अडवणारं बोर्टेझोमिब हे औषध २००३ पासून त्याच जोरावर वापरात आहे. तर कॅन्सरमध्ये रुग्णाचे स्नायू झडतात, तिथे हाच प्रोटिअसोम जास्तीचा चालतो. एकाच शरीरात एकीकडे तोडणं जास्त, दुसरीकडे कमी.

मी एका लॅबमध्ये हाच आग्रह धरला होता. पेपर माझ्या नावाशिवाय गेला. नावाचं मला काही नाही. मी सोडून आल्यावर उणे ऐंशीच्या फ्रीजरमधले माझे नमुने टाकून दिले, ते मात्र अजून सलतं. त्यांच्यातून उत्तर निघालं असतं. लोक हेकट म्हणाले. म्हणोत. साठ्याला वेग म्हणायला मी तेव्हा तयार नव्हते, आजही नाही. जे मोजलंच नाही ते लिहायला नकार देणं हा हेका असेल, तर तो मला हवा आहे.

गाईडशी भांडू मात्र नकोस. पोस्टरवर तूर्त ‘म्हाताऱ्या यकृतात एलसी३-टू जास्त आढळतं’ एवढंच लिही. त्यावर कोणी बोट ठेवू शकणार नाही. मग एथिक्स कमिटीकडे सुधारित अर्ज दे. तरुण आणि म्हातारे, दोघांत ल्युपेप्टिन (लायसोसोममधलं पचन अडवणारं) दिलेले आणि न दिलेले, असे चार गट. दिलेल्यांच्या पट्टीतून न दिलेल्यांची वजा केलीस की उरेल तो वेग. सिनॉप्सिस लांबेल, हे मला कळतं. लांबू दे. अर्जाचा मसुदा शनिवारपर्यंत पाठव, डोस आणि वेळा मी तपासून देते.