वाचकांचे प्रश्न : दबलेली नस आणि पोटातला मार

प्रश्न : कंबरेतून निघालेली कळ डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते. एमआरआयच्या रिपोर्टात तीन ठिकाणी गादी फुगल्याचं लिहिलंय. दुखणं यातल्या कुठल्या गादीचं?

उत्तर : तिन्हींचं असेलच असं नाही. वयानुसार गाद्या सुकतात, फुगतात. काहीच न दुखणाऱ्या माणसाच्या एमआरआयमध्येही ‘डिस्क बल्ज’ सर्रास सापडतो. म्हणून कळ जिथं पोचते तिथून उलटं मागं यायचं. अंगठ्याकडे जाणारी कळ आणि अंगठा वर उचलताना कमी पडणारा जोर म्हणजे बहुधा एल-५, म्हणजे कंबरेच्या पाचव्या मणक्याखालून बाहेर पडणारी नस (मज्जातंतू). करंगळीची बाजू बधिर आणि चवड्यावर उभं राहणं जड जात असेल, तर तिच्या खालची एस-१.

आता खरी मेख. कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी मध्याच्या किंचित बाजूला फुगली, तर खाली उतरणारी एल-५ दबते. तीच गादी आणखी बाहेर, नस मणक्यातून बाहेर पडते त्या छिद्रात घुसली, तर चेपते वरची एल-४. तेव्हा रिपोर्टात नुसतं ‘एल ४-५’ वाचून भागत नाही. डावी की उजवी, मध्याजवळ की छिद्रात, हे बघा. छिद्र टी-१ या प्रकारच्या एमआरआय चित्रात चांगलं कळतं : पांढऱ्या चरबीत नस करड्या ठिपक्यासारखी दिसते. ठिपक्याभोवतीचं पांढरं पुसलं गेलं असेल, तर तिथं नसेला जागा उरलेली नाही. ‘थीकल सॅकला (नसांभोवतीच्या पिशवीला) स्पर्श’ या शब्दांनी मात्र उगाच धास्तावू नका.

लघवी अडली, बसण्याची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळं पडलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न : अपघातानंतर पोटाची सोनोग्राफी नॉर्मल आली. तरी डाय देऊन सीटी स्कॅन कशाला?

उत्तर : तातडीच्या विभागातली ही सोनोग्राफी, म्हणजे ‘फास्ट’, अवयवांची जखम शोधत नाही, सांडलेलं रक्त शोधते. यकृत आणि उजव्या किडनीमधली फट, प्लीहेभोवतीची जागा, ओटीपोट आणि हृदयाचं आवरण, एवढ्या चारच जागा बघतात. पोटात साधारण २०० मिली रक्त साचेपर्यंत ती बहुधा काही दाखवत नाही. प्लीहा फाटली पण रक्त तिच्या आवरणाखालीच अडलं, किंवा ते किडनीमागे साचत असलं, तर ‘नॉर्मल’ या शब्दाला अर्थ राहत नाही.

सीटीत सगळा खेळ वेळेचा. आयोडिनयुक्त डाय शिरेतून दिल्यावर ७० सेकंदांच्या आसपास यकृत आणि प्लीहा एकसारखी उजळतात. चीर काळसर रेघेसारखी उठून दिसते. २५-३० सेकंदांना काढलेल्या चित्रात निरोगी प्लीहाही पट्ट्यापट्ट्यांची दिसते आणि नवख्याला ती फाटलेली वाटते. रक्तवाहिनीबाहेर डायचा पांढरा ठिपका दिसला, तर काही मिनिटांनी पुन्हा चित्र घेतात. ठिपका पसरला तर रक्त अजून वाहतंय; आकार तसाच राहून फिका पडला तर तो धमनीला आलेला फुगा. किडनीतून लघवी गळतेय का, हे ५ ते १० मिनिटांनंतरच्या चित्रात कळतं.

मूत्राशयाच्या बाबतीत हमखास चूक होते : शिरेतल्या डायनं आपोआप भरेल म्हणून सोडून देतात. कटिभागाचं हाड मोडलं असेल आणि लघवीत रक्त असेल, तर कॅथेटरमधून किमान ३०० मिली पातळ केलेला डाय भरूनच सीटी काढावा. अर्धवट भरलेल्या पिशवीचं भोक झाकलेलंच राहतं.

रक्तदाब कोसळत असेल, सावरत नसेल आणि ‘फास्ट’मध्ये पोटात रक्त दिसलं, तर सीटीत वेळ घालवत नाहीत; रुग्ण थेट शस्त्रक्रियागृहात जातो.

प्रश्न : हाताच्या बोटांना मुंग्या येतात. मनगटाची सोनोग्राफी पुरेल का?

उत्तर : बरेचदा पुरते. मनगटाच्या घडीपाशी मीडियन नसेचा (मनगटातून बोटांकडे जाणाऱ्या नसेचा) आडवा छेद मोजतात. तो १० चौरस मिलिमीटरच्या वर गेला की ती तिथं दबल्याचा संशय बळावतो. सोनोग्राफीचा प्रोब दाबून धरला तर नस चपटी होते आणि माप चुकतं. नस किती काम करते हे मात्र चित्रात दिसत नाही, त्यासाठी नर्व्ह कंडक्शन तपासणी.