इंजिनकामानंतर जीपच्या वायरिंगमधले बिघाड : प्रश्नोत्तरे

प्रश्न : माझ्या एमएम ५४० (महिंद्राची डिझेल जीप) चं इंजिन बोअर करून घेतलं. आता सेल्फ (स्टार्टर मोटर) जड फिरतो, सेल्फ मारताना अ‍ॅक्सिलरेटरची केबल तापते आणि रात्री हेडलाइट लावले की टेम्परेचरची सुई चढते. मिस्त्री सेल्फ बदला म्हणतात. (जुन्नर)

उत्तर : सेल्फला इतक्यात हात लावू नका. केबल तापते, यातच बहुतेक उत्तर आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणून चेसिसला त्याचं अर्थिंग आपोआप मिळत नाही. त्यासाठी वेगळी पट्टी असते. ती पट्टी लावायची राहिली किंवा नव्या रंगावरच आवळली, तर सेल्फचा शेकडो अँपिअर करंट परत जायला मिळेल ती वाट धरतो आणि ती वाट बऱ्याचदा अ‍ॅक्सिलरेटर केबलची असते. सुईचं कारणही तेच. गाडी चालू असताना हेडलाइटचा करंट बॉडीतून अल्टरनेटरकडे परततो. वाट अडली की इंजिन आणि बॉडीत व्होल्टेजचा फरक पडतो आणि सुई खोटं दाखवते. हेडलाइट बंद करताच ती लगेच उतरत असेल, तर इंजिन खरोखर तापलेलं नाही.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नव्हे, आणि लाल पिन इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरा. गाडी सुरू होऊ नये म्हणून पंपाचा स्टॉप (डिझेल बंद करणारा खटका) कुणाला तरी ओढून धरायला सांगा आणि सेल्फ मारा. अर्धा व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थिंग खराब आहे. नुसता ओहम (रोध) तपासून हे कळत नाही. दहा तारांपैकी एक तार शाबूत असली तरी मीटर शून्य दाखवतो. खात्रीसाठी जंपर केबल निगेटिव्हवरून थेट इंजिनला लावा. सेल्फ ताजा फिरला तर निदान झालं. मग रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून नवी जाड पट्टी लावा.

प्रश्न : थार सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिनची). क्लचसाठी गिअरबॉक्स खाली घेतला होता. आता सेल्फ जोरात फिरतो पण गाडी सुरू होत नाही. (कोल्हापूर)

उत्तर : आधी क्रँक सेन्सरकडे, म्हणजे इंजिनचं फिरणं टिपणाऱ्या सेन्सरकडे बघा. फ्लायव्हीलच्या बाजूला असलेल्या या सेन्सरची वायर गिअरबॉक्स काढताना ताणली जाते, कधी बेल हाउसिंगखाली (क्लचवरचं गिअरबॉक्सचं आवरण) चिरडते. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्य दिसत असेल तर ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) इंजिन फिरतंय हेच कळत नाही, मग तो डिझेल सोडणार नाही. आकडा दोनशेच्या आसपास येत असेल तर रेल प्रेशर (डिझेलच्या नळीतला दाब) आणि इमोबिलायझर (चावी ओळखणारी चोरीरोधक यंत्रणा) तपासा. पाइप सैल करून डिझेल येतंय का बघण्याची जुनी सवय इथे कृपा करून वापरू नका. कॉमन रेलमधला दाब शेकडो बारचा असतो. ती धार कातडीतून आत शिरते आणि बोट गमवावं लागू शकतं.

प्रश्न : जिप्सीचं इंजिन बसवल्यापासून चार्जिंग होत नाही. चावी दिल्यावर बॅटरीचा लाल दिवाही लागत नाही. (सावंतवाडी)

उत्तर : त्या दिव्यातूनच अल्टरनेटरला पहिला करंट मिळतो. बल्ब, फ्यूज आणि अल्टरनेटरमागचा छोटा कपलर (वायरी जोडणारा प्लग) बघा. कपलर बहुधा नुसता टेकलेला असतो. दुरुस्तीनंतर चालू गाडीत बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. चालू गाडीत बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासू देऊ नका, त्या झटक्याने डायोड आणि ईसीयू दोन्ही जाऊ शकतात.

प्रश्न : फक्त दगडधोंड्यांच्या वाटेवरच फ्यूज उडतो, गॅरेजमध्ये सगळं ठीक. (नाशिक)

उत्तर : म्हणजे हार्नेस (वायरींचा जुडगा) कुठेतरी घासतोय. इंजिन परत चढवताना क्लिपा राहून जातात आणि वायरी एक्झॉस्टवर किंवा ब्रॅकेटच्या धारेवर टेकतात. मोठा फ्यूज कधीच घालू नका, वायर पेटेल. फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडा, त्या सर्किटवरचे दिवे-उपकरणं बंद ठेवा आणि हार्नेस वीतभर-वीतभर हलवत जा. बल्ब भक्क पेटला की शॉर्ट तिथेच आहे. वायर नीट जोडा, वर उष्णता सोसणारी नळी चढवा आणि इंजिन हललं तरी ताण येणार नाही इतकी ढील ठेवून क्लिपा लावा.