एन्ट्री फॉर्मवर सही तुमची आहे, नाखव्याची नाही

आधी वाचकाचा प्रश्न थोडक्यात सांगते, नाव-गाव काढून. कुलाब्याचे एक गृहस्थ आणि त्यांचा मित्र असे दोघंच जानेवारीत मुंबई ते मुरूड-जंजिरा आणि परत अशा डबल हँडेड कोस्टल रेसला उतरले. बोट 31 फुटी, ह्यांच्याच नावावर. पहाटे चारच्या सुमाराला खांदेरी बेटाच्या बाहेर ह्यांचा वॉच (पहाऱ्याची पाळी) होता, मित्र खाली झोपलेला. मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा छान लागला होता, बोट सहा नॉटने चालली होती, ऑटोपायलट लावून हे चहा करायला सातेक मिनिटं खाली गेले आणि वर येतायत तोवर बोट कुणीतरी मागून धरल्यासारखी थांबली. डोलजाळं, म्हणजे खुंटाला बांधलेलं मासेमारीचं जाळं, किलमध्ये (बोटीच्या तळाच्या पात्यात) आणि सुकाणूत अडकलेलं. जरा लांब एक मासेमारी बोट होती, तिच्यावर दिवा होता, जाळ्यावर नव्हता. ह्यांनी शीड उतरवलं, सुरीने दोर कापले, प्रवाहाने खडकाकडे सरकतोय असं वाटलं म्हणून दहा मिनिटं इंजिन चालवलं, मग परत शीड चढवून रेस पूर्ण केली. रेस संपल्यावर क्लबला द्यायच्या डिक्लेरेशनमध्ये इंजिनाचं लिहायचं "राहून गेलं". मासेमारी बोटीच्या तांडेलाने (बोट चालवणाऱ्याने) टॉर्च मारून शिडावरचा नंबर वाचला होता, त्यावरून अलिबागजवळच्या थळच्या नाखव्याने, म्हणजे त्या बोटीच्या मालकाने, शोध काढला. तो 1 लाख 80 हजार मागतोय, नाहीतर मच्छीमार सोसायटीतर्फे पोलिसात जाऊ म्हणतोय. रेस भरवणारा क्लब म्हणतो एन्ट्री फॉर्म वाचा, त्यात स्पर्धक स्वतःच्या जोखमीवर उतरतो असं छापलंय. मित्राचं म्हणणं, रेस चालू होती, जोखीम सगळ्यांनीच घेतली होती, एक पैसा द्यायचा नाही.

तुमच्या मित्राच्या वाक्यात "सगळ्यांनीच" हा शब्द आहे ना, तिथेच चूक आहे. जोखीम कुणी घेतली, तर ज्याने फॉर्मवर सही केली त्याने. तुम्ही केली, मित्राने केली. नाखवा त्या रात्री कुठल्याही रेसमध्ये नव्हता, तो उधाणाची भरती-ओहोटी बघून खुंटाला डोल लावून बसला होता आणि त्याच्या घरात त्या फॉर्मचा कागद कधी आलेलाही नाही. करार हा करार करणाऱ्यांपुरता असतो, तिसऱ्याचा हक्क तुम्ही आणि क्लब आपसात सही करून मारू शकत नाही. त्यामुळे तो फॉर्म नाखव्यासमोर धरायचा विचार असेल तर तो डोक्यातून काढा.

उलट तो फॉर्म तुमच्याच विरुद्ध चालू शकतो, हे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. तुम्ही मला जो फोटो पाठवलाय त्यात शेवटून दुसऱ्या परिच्छेदात बारीक अक्षरात लिहिलंय की तुमच्यामुळे आयोजकांवर काही दावा आला तर तो तुम्ही भरून द्याल. ही झाली इंडेम्निटी, करार कायदा 1872 चं कलम 124. म्हणजे उद्या नाखव्याने वैतागून तुमच्यासोबत क्लबलाही नोटीस पाठवली तर क्लब त्याचा खर्च तुमच्याकडे मागू शकतो. क्लबने तुम्हाला फॉर्म वाचायला सांगितलं ते ह्याचसाठी असावं.

आता "रेस चालू होती" ह्या मुद्द्याकडे येते, कारण रेसिंग करणाऱ्या चांगल्या चांगल्या लोकांचा इथे गोंधळ होतो. वर्ल्ड सेलिंगच्या रेसिंग रूल्समधले बोटींच्या भेटीचे जे नियम आहेत, कुणी कुणाला वाट द्यायची वगैरे, ते रेसमधल्या बोटींनी एकमेकींशी वागायचे नियम आहेत. त्याच भागाच्या सुरुवातीला स्पष्ट लिहिलंय की रेसमधली बोट जेव्हा ह्या नियमांखाली नसलेल्या जहाजाला किंवा बोटीला भेटते तेव्हा समुद्रावर टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम पाळायचे, म्हणजे 1972 चे कोलरेग्ज. म्हणजे रेसच्या नियमांनीच तुम्हाला कोलरेग्जकडे पाठवलंय. आणि कोलरेग्जचा नियम 18 काय म्हणतो, तर शिडाच्या बोटीने मासेमारीत गुंतलेल्या बोटीपासून बाजूला राहायचं. शिडाला सगळ्यांनी वाट द्यायची हा समज इंजिनवाल्यांपुरता खरा आहे, आणि तोही प्रत्येक वेळी नाही.

पण तुमची खरी अडचण नियम 18 नाही, कोलरेग्जचाच नियम 5 आहे. प्रत्येक बोटीने सतत, डोळ्यांनी आणि कानांनी, नीट टेहळणी ठेवायची. ह्यात दोनच माणसं आहेत म्हणून सूट नाही, एक झोपलाय म्हणून सूट नाही. डबल हँडेड रेसमध्ये नोटीस ऑफ रेसमधून (रेसच्या जाहीर अटींमधून) ऑटोपायलटला परवानगी देतात, कारण एरवी रेसिंग रूल्सच्या नियम 52 प्रमाणे सुकाणू माणसाच्याच ताकदीने चालवावं लागतं, ती परवानगी तुमच्या रेसला होती हेही मी वाचलं. पण ऑटोपायलट सुकाणू धरतो हो, बघत नाही. आणि तुमची सात मिनिटं मोजून बघा, सहा नॉट म्हणजे मिनिटाला साधारण 185 मीटर, सात मिनिटांत जवळजवळ तेराशे मीटर, म्हणजे थळच्या समोर, जिथे ह्या मोसमात डोली असतात हे चार्ट न बघताही कुलाब्याच्या माणसाला माहीत असतं, तिथे तुमची बोट सव्वा किलोमीटरच्या वर कुणीही बघत नसताना गेली. कोर्टात हा हिशोब समोरचा वकील पहिल्या पाच मिनिटांत करेल.

जाळ्यावर दिवा नव्हता हा मुद्दा मात्र टाकून देऊ नका. कोलरेग्जच्या नियम 26 प्रमाणे मासेमारी करणाऱ्या बोटीने ठरावीक दिवे लावायचे, ट्रॉलिंग (जाळं पाण्यातून ओढत नेणं) नसेल तर वर लाल आणि खाली पांढरा, आणि जाळं बोटीपासून आडवं 150 मीटरपेक्षा जास्त पसरलं असेल तर त्या दिशेला वेगळा पांढरा दिवा. बोटीवर नेमका कुठला दिवा होता, जाळं किती लांब होतं, ते आठवून आजच लिहून काढा. त्यात नाखव्याची कसूर निघाली तर भरपाई त्या प्रमाणात कमी होऊ शकते. पण कमी होते, शून्य होत नाही, कारण तुम्ही स्वतःच लिहिलंय की बोटीचा दिवा नंतर लांबूनही दिसत होता. वर असतात तर आधी दिसला असता.

पोलिसात जाईन ही धमकी किती खरी? भारतीय न्याय संहितेचं कलम 282 आहे, बेदरकारपणे जहाज किंवा बोट हाकणं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्यासाठी माणसाच्या जिवाला धोका किंवा इजा होण्याची शक्यता दाखवावी लागते, नुसतं जाळं फाटणं पुरत नाही. जाळ्याजवळ छोटी होडी होती का, तिच्यात कुणी होतं का, हे तुमच्या पत्रात नाही आणि मला ते हवंय. नसेल कुणी तर हे प्रकरण मुळात दिवाणी आहे. दिवाणी बाजूला एक गोष्ट माहीत असू द्या, 2017 च्या अ‍ॅडमिरल्टी कायद्यात, म्हणजे जहाजांवरच्या सागरी दाव्यांच्या कायद्यात, जहाजाच्या व्याख्येत शिडाची बोटही येते आणि तिच्या वापरामुळे झालेलं नुकसान हा सागरी दावा होतो, म्हणजे मुंबई हायकोर्टाकडून तुमची बोट अटक करून मागायचा मार्ग कागदावर तरी उघडा आहे. एवढ्या रकमेसाठी कुणी तो खर्च करेल असं मला वाटत नाही, पण बोट विकायला काढाल तेव्हा असा दावा मागे लोंबकळत असलेला बरा नाही.

मग रक्कम. 1 लाख 80 हजार ऐकून तुम्ही "लूट" असा शब्द वापरलाय, तो मागे घ्या. मागच्या वर्षी दुसऱ्या एका कामासाठी मी एका कोळ्याच्या ओट्यावर दोन तास बसले होते, समोर डोल पसरलेलं आणि एक म्हातारी सुईने फाटलेला भाग भरत होती. तोंडाकडे आसा (जाळ्याचं भोक) एवढा मोठा की माझी मूठ आत-बाहेर जात होती आणि शेपटाकडे इतका बारीक की करंगळीही जाईना, जवळा अडकायचा असतो ना तिथे. वीतभर भरायला तिला किती वेळ लागला ते मी बघितलंय. तुम्ही सुरीने कापलेत ते नुसते दोर नव्हते, आणि जाळं दुरुस्त होईपर्यंत ते उधाणही गेलं, म्हणजे पुढच्या पंधरवड्यापर्यंत बोंबील नाही, खलाशांचा पगार मात्र चालू. हे सगळं कायद्याने मागता येतं, जाळ्याची किंमत जुनं झालेलं वजा करून, दुरुस्तीचा खर्च, आणि दाखवता येईल एवढी बुडालेली कमाई. त्याने मागितलेली रक्कम खरी की फुगवलेली हे पुराव्यावर ठरेल, म्हणून त्याच्याकडे दोराची-जाळ्याची बिलं, बोटीची नोंदणी, मागच्या उधाणांच्या विक्रीच्या सोसायटीतल्या नोंदी मागा, आणि मत्स्यव्यवसाय खात्याकडून पंचनामा झालाय का विचारा. आदराने मागा, उलटतपासणीसारखं नाही.

त्याआधी इन्शुरन्स. आजच, हे वाचून झाल्या झाल्या, कंपनीला ईमेल करा. तृतीय पक्षाच्या दायित्वाच्या पॉलिसीत बहुतेक वेळा अट असते की कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही आणि पैसे द्यायचे नाहीत, तुम्ही मोठ्या मनाने थळला जाऊन रोख दिलेत तर कंपनी हात वर करेल. पॉलिसीत रेसिंगबद्दल आणि कमी माणसांनी बोट चालवण्याबद्दल काय लिहिलंय तेही बघा आणि मला पाठवा. चार्टप्लॉटरचा (बोटीवरच्या नकाशा-यंत्राचा) ट्रॅक पुसला जाऊ देऊ नका, उतरवून ठेवा, पुढे पुरावा म्हणून द्यायचा झाला तर साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं.

आणि ते डिक्लेरेशन. तुम्ही विचारलंय की आता इंजिनाचं सांगितलं तर ते नाखव्याच्या दाव्यात कबुली ठरेल का. हो, ठरू शकतं, म्हणून त्या पत्रात इन्शुरन्स कंपनीला दाखवून मोजकंच लिहायचं, पण लिहायचं. रेसिंग रूल्सच्या नियम 42 प्रमाणे अडकल्यावर सुटायला इंजिन वापरता येत नाही, सेलिंग इन्स्ट्रक्शन्समध्ये (त्या रेसच्या लेखी सूचनांमध्ये) तशी सूट दिली असेल आणि रेसमध्ये मोठा फायदा झाला नसेल तरच येतं. सूट असेल तर तुमचा निकाल कदाचित टिकेल, नसेल तर जाईल, जाऊ दे. पण लपवलंत आणि ट्रॅकवरून निघालं तर मामला इंजिनाचा राहत नाही, गैरवर्तनाचा होतो, नियम 69, आणि मग कोर्टातही पहिला प्रश्न येईल की जो माणूस स्वतःच्या क्लबशी खरं बोलला नाही त्याच्या सात मिनिटांवर का विश्वास ठेवायचा. तुम्ही तिसरे आलात हे पत्रात तीनदा लिहिलंय. तुमच्या मागे चौथा कुणीतरी आहे, त्याने इंजिन लावलं नव्हतं.

एक गोष्ट मला टोचली ती सांगते. तांडेल ओरडत होता, तुम्ही ऐकलंत, आणि नाव न सांगता निघालात. खडकाची भीती समजू शकते, पण बाहेर आल्यावर व्हीएचएफ रेडिओ होता, बंदरात आल्यावर फोन होता, थळच्या सोसायटीचा पत्ता काढायला अर्धा दिवस लागला असता. त्याने तुम्हाला शोधायला तीन आठवडे घातले. हा राग रकमेत मिसळलाय, आणि तो कुठल्याही बिलाने कमी होणार नाही, तुम्ही स्वतः जाऊन बोललात तर होईल.

तेव्हा इन्शुरन्सचं उत्तर आलं की सोसायटीच्या ऑफिसात भेट ठरवा, मित्राला नेऊ नका. भेटीआधी विदाउट प्रेज्युडिस (म्हणजे ह्यातलं बोलणं कबुली धरायचं नाही) असं स्पष्ट लिहिलेलं पत्र मी तयार करून देते. रकमेवर जुळलं तर तसाच तोंडी व्यवहार करू नका, अलिबागला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल होण्याआधीच लोकअदालतीत प्रकरण ठेवता येतं, तिथे झालेला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही, म्हणजे नाखव्यालाही पैशाची खात्री आणि तुम्हालाही पुन्हा दावा येणार नाही ह्याची. निवाड्यात क्लबवरही काही दावा उरलेला नाही हे वाक्य घालून घ्यायचं, नाहीतर ती इंडेम्निटी मागे राहील. होडीत कुणी होतं का, त्याचं उत्तर मला आज रात्रीपर्यंत कळवा, बाकीचं त्यावर थांबलंय.